माशांचं माहेर

आमच्या घराला एकदा नकार आला होता. लग्नाच्या बाबतीत नव्हे. माझं लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नकार आला तो गप्पी माशांच्या बाबतीत. गप्पी म्हणजे करंगळीच्या पेराएवढा मासा. डास खावेत म्हणून लोक तो विहिरीत, हौदात, प्रसंगी गटारातसुद्धा सोडतात. गटार ज्याला चालतं त्याला माझं घर चालायला हरकत नसावी, अशी माझी साधी समजूत होती. मी आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या कुमुदताई साळवींकडे चार-सहा गप्पी मागितले. ताई म्हणाल्या, “देईन की. पण आधी घर बघायला येते.”

मला वाटलं, थट्टा करतायत. पण रविवारी सकाळी ताई खरंच आल्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये थर्मामीटर. माझ्या बायकोनं, सुप्रियानं, पोहे केले होते. ताई सोफ्याच्या कडेवर टेकल्या, पोह्यांची बशी हातात घेतली आणि चौकशी सुरू झाली.

“खिडकी पश्चिमेची का? ऊन किती वाजता येतं आत?”

“डासांची कॉइल कुठल्या कोपऱ्यात लावता?”

“गावाला वर्षातून किती वेळा जाता?”

मी उत्तरं देत गेलो. मग बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “घरात भांडणं होतात का?”

“त्याचा काय संबंध?” मी म्हणालो.

“दारं आपटली की काच हादरते. मुली दचकतात.”

 सुप्रियानं फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ताईंना तेवढं पुरलं. नळाचं पाणी त्यांनी एका छोट्या बाटलीत भरून घेतलं, “कळवते” म्हणाल्या आणि गेल्या. मंगळवारी मोबाइलवर निरोप आला: ‘पत्रिका जुळत नाही. राग मानू नये. माणसं चांगली आहेत, पण दारं फार वाजतात.’

तो निरोप वाचून मी बेडरूममध्ये गेलो आणि दार आपटलं.

ताईंचं वय साठीच्या पुढचं. लग्न केलेलं नाही. फोर्टमधल्या एका कंपनीत त्या आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे आवाज अजून असा की ‘आज दूध नासलं’ हेसुद्धा त्या ‘कृपया थांबा, साहेब दुसऱ्या फोनवर आहेत’च्या सुरात सांगतात. परळची खोली सुटल्यावर त्या इकडे, आमच्या बेव्हर्ली पार्कात आल्या आणि इथे का कोण जाणे, माशांत रमल्या. त्यांच्या हॉलमध्ये बसायला एकच खुर्ची आहे. बाकी सगळीकडे टाक्या. पाहुणा आला की खुर्ची पाहुण्याला, आणि ताई एका उलट्या बादलीवर बसून गप्पा मारतात. दोन पाहुणे आले तर दुसऱ्यानं उभं राहायचं.

मीरा-भाईंदरात आमच्यासारख्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. एरवी ते मोबाइलवर असतं आणि रविवारी कुणाच्या तरी घरी भरतं. भाईंदरला बांगड्या-टिकल्यांचं दुकान चालवणारे जिग्नेशभाई त्याचे ॲडमिन. पण ते नावाला. मंडळ चालतं ताईंच्या शब्दावर. घरात पिल्लं झाली की विकायची नाहीत, द्यायची; आणि देण्याआधी घर बघायचं, हा ताईंनी घालून दिलेला दंडक. त्यांच्या लेखी मासे म्हणजे मुली, ज्या टाकीत दिले ते त्यांचं सासर, आणि ताईंचं घर हे माहेर. नर माशांना ह्यात वेगळी सोय नाही. तेही मुलीच.

बरं, दिलं की प्रकरण मिटलं असंही नाही. “नांदतायत ना नीट?” म्हणत ताई केव्हाही दारात उभ्या राहतात. भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये मंडळातला एक तरुण सीए राहतो. त्याच्याकडे त्या अशाच गेल्या, तर त्यानं टाकीत प्लास्टिकचा सापळा ठेवलेला, तोंड उघडलं की बुडबुडे सोडणारा. ताईंनी तिथल्या तिथे पातेलं मागितलं, आपले मासे त्यात घेतले आणि पातेलं मांडीवर धरून रिक्षानं परत आल्या. “माझी मुलगी हाडांच्या शेजारी नांदणार नाही,” एवढंच म्हणाल्या. बिचारा महिनाभर विनवण्या करत होता. शेवटी सापळा कचऱ्यात गेला, तेव्हा मासे परत मिळाले. पातेलं ताईंकडेच राहिलं.

आणि एवढं सगळं असून बाई पक्की मासेखाऊ. संगमेश्वरकडची, दुसरं काय होणार! रविवारी बांगडा नसला तर त्यांना तो रविवार वाटत नाही. मात्र ताट वाढायच्या आधी सगळ्या टाक्यांवर जुने टॉवेल पडतात. “त्यांना कशाला उगीच दाखवायचं?” असं त्यांचं म्हणणं. खारीगावातल्या धनाजी पाटलांच्या घरात वाडवडिलांपासून मासेमारी. ते पहिल्यांदा मंडळात आले तेव्हा म्हणाले होते, “ताई, मासा काय पालाचा हाय? मासा खावाचा हाय.” ताई शांतपणे म्हणाल्या, “पाळावा, खावा, दोन्ही करावं. मध्ये टॉवेल असला की झालं.” आज खारीत सगळ्यांत मोठी टाकी धनाजींची आहे.

आता माझ्या घराचा नकार कसा फिरला ते सांगतो, कारण त्यात ह्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत.

त्या नकारानंतर वर्षभरानं आमच्या कंपनीनं काही जणांना घरी बसवलं. त्यांत मी होतो. घरी बसलेल्या माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. वॉचमन, इस्त्रीवाला, सासरे, सगळे आपले, ‘मग, लागलं का कुठे?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण मला खाली उतरायची भीती वाटायला लागली होती. एकदा लिफ्टमध्ये ताई भेटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घरी असतोस ना सध्या? मग एक काम कर. टाकी आणून पाण्यानं भरून ठेव. मासे नाही मिळणार. नुसतं पाणी.”

का, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी कुणी सांगेल ते करत होतो. दुसऱ्या दिवशी ताई एक काळपट, ओला, चिखलाच्या वासाचा स्पंज घेऊन आल्या. त्यांच्या जुन्या टाकीच्या फिल्टरमधला. “हे विरजण,” म्हणाल्या. “नव्या पाण्यात मासा सोडला की त्याचीच घाण त्याला मारते. ती घाण खाणारे जंतू ह्यात आहेत. लागू देत पाण्याला. मुरायला महिना तरी जाईल.” सुप्रियानं तो स्पंज जुना पोछा समजून दोनदा फेकायला काढला होता.

मग मी महिनाभर एका रिकाम्या टाकीची नोकरी केली. रोज सकाळी बाटलीत पाणी घेऊन पहिल्या मजल्यावर जायचं. ताई त्यात औषधाचे थेंब टाकायच्या, बाटली उजेडात धरायच्या. पाणी हिरवं झालं की, “अजून कच्चं आहे.” मग चहा. मग, “तुला काय वाटतं, आज कसं आहे पाणी?” जगात सगळे मला नोकरीचं विचारत होते आणि ताई एकट्या पाण्याचं विचारत होत्या. आणि पाण्याचं उत्तर माझ्याकडे रोज असायचं. त्या महिन्यात मी अंथरुणातून उठलो तो त्या बाटलीसाठी उठलो, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

एका सकाळी बाटलीतलं पाणी हिरवं झालंच नाही. ताई म्हणाल्या, “मुरलं.” आणि माझ्याबरोबर वर येऊन सुप्रियाला विचारलं, “दारं?”

“महिनाभरात एकदाही नाही वाजलं,” सुप्रिया म्हणाली. मला स्वतःला हे तेव्हा कळलं. संध्याकाळी मासे आले. पुढे यथावकाश वसईला नोकरीही लागली, पण आमच्या घरात त्या वर्षाची गोष्ट सांगताना माशांची बातमी आधी येते.

तर असं हे माहेर. त्याचा खरा हंगाम म्हणजे गणपती. गणपतीत इकडची निम्मी घरं कुलूप लावून कोकणात जातात. आम्ही गुहागरला जातो. मग माशांचं काय? ते ताईंकडे, माहेरपणाला. बादल्या, टब, घमेली, काय मिळेल त्यात घालून लोक मासे आणून सोडतात. प्रत्येकावर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘पाटील, खारी. लाजाळू आहे, एकटं असताना खातो.’ ‘जिग्नेशभाई. खादाड. फसवतो.’ त्या दिवसांत ताईंच्या न्हाणीघरातली बादलीसुद्धा माशांकडे असते, त्यामुळे ताई अंघोळ थेट नळाखाली बसून करतात. माहेरवाशिणींना उकडलेले, साल काढलेले मटार मिळतात. परत न्यायला गेलं की टोमणा ठरलेला: “अंग धरलंय हो. तिकडे पोटभर देत नाही वाटतं कुणी.”

“आणि ताई, तुम्ही नाही जात गावाला?” असं कुणीतरी दर वर्षी विचारायचं.

“आहे ना गाव. भाऊ आहे, घर आहे, दीड दिवसाचा नाही, चांगला गौरीबरोबर जाणारा गणपती आहे. पण एवढ्या माहेरवाशिणी घरात असताना मी कुठे जाऊ?”

पटण्यासारखं होतं. शिवाय आमच्या सोयीचं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही.

यंदा मात्र जिग्नेशभाईंच्या मनात आलं. “हर साल ताई हमारे लिए रुकती है,” ते म्हणाले. “इस साल ताई गाँव जाएगी. टिकट मंडळ की तरफ से.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला यंदा रजा मिळाली नव्हती. सुप्रिया आणि आमची मुलगी गुहागरला जाणार, मी एकटा इथे. तेव्हा मासे माझ्याकडे, असं ठरलं. आपण काहीतरी फार चांगलं करतोय असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

रविवारी तिकीट ताईंच्या हातात दिलं. ताई ते बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पाणी बदलायचे दिवस आहेत. मी म्हणालो, बदलीन. मग म्हणाल्या, टाकीतला एंजल मासा अंडी घालायच्या बेतात आहे. सीए म्हणाला, मी गावाहून लवकर येऊन बघीन. मग गुडघा निघाला. धनाजी म्हणाले, “उचलून बसीवतो बसमधी.” शेवटी जिग्नेशभाईंनी सांगितलं, “ताई, टिकट वापस नहीं होता है,” तेव्हा ताई हसल्या आणि हो म्हणाल्या. पण एका अटीवर. त्या नसताना त्यांच्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. किल्ली कुणालाही मिळणार नाही.

“आणि तुमचे मासे?”

“मोठे मासे आठवडाभर उपाशी राहतात. त्यांना सवय असते.”

जी बाई लोकांच्या गप्पींना मटार सोलून घालते ती स्वतःच्या मुलींना उपाशी ठेवून निघाली, ह्यात मला काहीही वावगं दिसलं नाही. आम्ही सगळे बसपर्यंत पोचवायला गेलो. जिग्नेशभाईंनी वाटेसाठी थेपले दिले. धनाजींनी बॅग चढवली. ताई खिडकीशी बसल्या, बस हलली, आणि आम्ही सगळे मुलीकडचे असल्यासारखे हात हलवत राहिलो. धनाजींचे तर डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. कुठेतरी दुरुस्ती चालली होती. माझ्या हॉलमधल्या टबांतले, बादल्यांतले सगळे हवेचे पंप एकदम बंद पडले आणि घर चिडीचूप झालं. आधी मी पेपरानं वारा घेत बसलो. मग बघतो तर टबांतले मासे एकेक करून वर यायला लागलेले. दाटीवाटीत, उकाड्यात, पाण्यातली हवा संपत चालली होती. सगळे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. सीएचा एंजल तर एका अंगावर कलला. कुणाकुणाच्या घरचे मासे!  ताईंकडे बॅटरीवर चालणारा पंप असतो, एवढं आठवलं. लिफ्ट बंद. फोन लावत लावत मी जिन्यानं खाली धावलो. किल्ली नसली तरी कुलूप तोडायची परवानगी घ्यावी, असा माझा विचार.

ताईंच्या दाराशी पोचलो, तर आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. ताईंच्या मोबाइलला पाण्याच्या बुडबुड्यांची रिंगटोन आहे, पण ते मला सुचलं नाही. मला वाटलं, वा, ह्यांच्या टाक्या चालू आहेत! मग लक्षात आलं, की लाइट नाही. तेवढ्यात बुडबुडे थांबले आणि कानात ताईंचा गोड आवाज आला, “हं, बोल मंदार.”

तो मला दोनदा ऐकू आला. एकदा फोनमधून आणि एकदा दारामागून.

“कसा आहेस? इथे आरत्या चालल्यात. रेंज नाही नीट.”

 मी एवढंच म्हणालो, “ताई, लाइट गेलीये. मासे वर आलेत. सगळेच.”

दोन्हीकडचा आवाज बंद झाला. मग आत काहीतरी सरकवल्याचा आवाज, पावलं, कडी. दार उघडलं. ताई उभ्या होत्या. अंगात गाऊन, वेणी सुटलेली, एका हातानं फोन कानाला धरलेला आणि दुसऱ्या हातात पंप. मला समोर बघून त्या क्षणभर थबकल्या. पण कानाचा फोन खाली आला नाही.

“नुसते आ वासतायत की आडवे झालेत?” त्यांनी फोनमध्ये विचारलं.

“दोन आडवे,” मीही फोनमध्येच सांगितलं.

“चल.”

आणि आम्ही दोघं कानाला फोन लावून तसेच तीन मजले पळत वर गेलो.

पंप एक आणि टब सात-आठ. ताईंनी पंप एंजलच्या टबात सोडला, माझ्या हातात अंघोळीचा मग दिला आणि म्हणाल्या, “डोक्याच्या वर धर आणि तिथून पाणी ओत. त्याच टबातलं त्याच टबात. फेस आला पाहिजे.” आम्ही ओतत राहिलो. ताई ह्या टबावरून त्या टबावर जायच्या, वाकायच्या, “झालं गं बाई, झालं, घे हवा,” म्हणायच्या. गुडघ्याचं दुखणं कुठे गेलं होतं कोण जाणे. अर्धं पाणी फरशीवर, उरलेलं आमच्या अंगावर. लाइट आली तेव्हा दोघांचे खांदे भरून आले होते. मासे हळूहळू खाली गेले. एंजल सरळ झाला. एकही मासा गेला नाही.

आम्ही ओल्या फरशीवरच बसलो. मी काही विचारलं नाही. नको तो प्रश्न कसा टोचतो ते मला ठाऊक होतं. चहा करून आणला. अर्धा कप झाल्यावर ताई आपण होऊन बोलल्या.

“इथेच, काशीमिऱ्याला उतरले. ड्रायव्हरला म्हटलं, पोटात कळ येतेय. रिक्षानं परत आले. तीन दिवस खिडक्या लावून बसलेय. भात पातेल्यात करते, कुकरची शिट्टी बाहेर जाईल म्हणून.”

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. “पण ताई, भाऊ आहे ना तिकडे?”

“आहे ना. भाऊ आहे, घर आहे, गणपती आहे. सांगितलं त्यात खोटं काहीच नाही. फक्त बोलावणं नाही.”

“भांडण झालं होतं?”

“छे! भांडण असतं तर मिटवलं नसतं का?” ताईंनी कप खाली ठेवला. “हे बघ, लग्न झालेल्या बहिणीला भाऊ बोलावतो. गौरीला ये म्हणतो, न्यायला येतो. माझं लग्न नाही झालं. म्हणजे मी घरचीच. आणि घरच्यांना कोण बोलावतं? आई होती तोवर मी आपली जायचे. आई गेल्यावर वाटलं, बाबू एकदा तरी म्हणेल, ताई, ये. धाकटा आहे माझ्याहून. मीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलाय. तो काही म्हणाला नाही. त्याला वाटलं असेल, येईल की, हिला काय सांगायचं. मी म्हटलं, सांगितल्याशिवाय जायचं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. मग जायचं म्हटलं तरी पाय उचलेना.”

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

“माहेर असायला आधी सासर लागतं रे,” ताई म्हणाल्या, आणि तेसुद्धा त्याच ऑपरेटरच्या सुरात. मग उठून एंजलच्या टबाशी गेल्या. तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “मंडळात बोलू नकोस. एवढ्या मायेनं पाठवलंय त्यांनी. त्यांना वाईट वाटेल.”

पुढचे दिवस ताई सकाळी जिन्यात कुणी नाही असं बघून, डोक्यावर टॉवेल घेऊन वर यायच्या आणि संध्याकाळी तशाच खाली जायच्या. माझ्या घरी कुकरला शिट्ट्या व्हायला हरकत नव्हती, म्हणून स्वयंपाक माझ्या घरी. ताईंनी उकडीचे मोदक केले, मी त्यांच्या मोदकांना कळ्या पाडायचा प्रयत्न केला, आणि माझे मोदक त्यांनी माशांच्या नावानं बाजूला काढले. दिवसभर आम्ही दोघं मटार सोलत गप्पा मारायचो. गावापासून दूर काढलेला माझा तो पहिला गणपती, पण मला एकदाही एकटं वाटलं नाही.

सगळे गावाहून परतल्यावर रविवारी मंडळ ताईंच्या घरी भरलं. मासे मी आधीच खाली आणून ठेवले होते. ताई ‘कालच आलेल्या’ होत्या. बॅगेतून कोकणातलं गोड खाजं निघालं. ते त्यांच्या सांगण्यावरून मीच भाईंदर स्टेशनाजवळून आणलं होतं. जिग्नेशभाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, “गाँव की चीज गाँव की चीज है. इधर ऐसा नहीं मिलता.”

मग ताईंना आरास विचारली गेली. ताईंनी सांगितली. बाबूनं म्हणे पडवीभर समुद्र केला होता. निळ्या कागदाच्या लाटा, मागे पंखा, त्यामुळे लाटा हलायच्या. मध्ये होडी, होडीत गणपती, आणि पोरांनी पुठ्ठ्याचे मासे करून दोऱ्यांना टांगलेले. “निघताना भावजयीनं हात धरला, अजून दोन दिवस राहा म्हणून,” ताई म्हणाल्या. धनाजींनी नाक पुसलं. सुप्रियानंही. मी खाली मान घालून खाजं खात होतो.

“बस!” जिग्नेशभाई उभे राहिले. “फिक्स करो. अब हर साल ताई का टिकट अपना!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचा खाज्याच्या ताटलीवरचा हात तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाकी कुणाकडेही बघितलं नाही.

“चालणार नाही,” मी म्हणालो. सगळे वळले. “पुढच्या वर्षी ताई कुठेही जाता कामा नये. मला हे झेपलं नाही. लाइट गेली तेव्हा सगळे मासे मरायला टेकले होते.” एवढ्यानं भागेल असं दिसेना, म्हणून मी पुढे गेलो. “मी घाबरून गीझरचं पाणी ओतलं. पंपाशेजारी उदबत्ती लावली. आणि मटार संपले तेव्हा… वरण-भात घातला.”

 “माझ्या एंजलला वरण-भात?” सीए उभा राहून म्हणाला. धनाजी म्हणाले, “याला मासा नको, दगड द्या पालाला.” जिग्नेशभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. माझी बायको माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. पाच मिनिटांत एकमतानं ठरलं की ताईंना गणपतीत सोडायचं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ आहे. तिकीट रद्द. ताईंनीही मग मला सगळ्यांसमोर असं काही फैलावर घेतलं, इतका मनापासून, की क्षणभर मलासुद्धा वाटलं, मी खरंच वरण-भात घातला असावा.

लोक आपापले मासे घेऊन पांगले. सुप्रियाही आमची बादली घेऊन वर गेली. ताई टब पालथे घालत होत्या.

“वरण-भात?” त्या म्हणाल्या.

“सुचलं ते बोललो.”

ताई हसायला लागल्या. खूप वेळ हसल्या, खुर्चीत बसून डोळे पुसले. मी म्हणालो, “ताई, मी घरी बसलो होतो त्या वेळी तुम्ही ते पाणी भरायला लावलं नसतंत तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही.” हे मला किती दिवस बोलायचं होतं.

“पुरे,” ताई म्हणाल्या. पण डोळे पुन्हा पुसले. मग जरा वेळानं, “मंदार, मी एवढी आरास सांगितली. लाटा काय, होडी काय. खरं काय केलं असेल रे त्यानं?”

“विचारा ना त्याला.”

“त्याला कसं विचारू?”

“गावाला जायला बोलावणं लागत असेल. विचारायला कुठे लागतं?”

ताईंनी मोबाइल हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. पण जिना चढवेना. दारामागून त्यांचा आवाज आला, ऑपरेटरचा नव्हे, कुठला तरी दुसराच, मी कधी न ऐकलेला.

“हॅलो. कुमुद बोलतेय… अरे कुमुद. ताई.”

मी जिन्याच्या पायरीवरच बसलो.

“रडतोस काय बाबू? आरास काय केली होतीस, ते सांग आधी.”